हात धुवायला गेलेले व्याही

केजला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सगळे कंट्रोलर म्हणत. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून झाल्यावर "कंट्रोलर हाईत का?" असंच विचारायचा.

मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. खोली पाहायला गेलो त्या दिवशी कापसाच्या गाड्या जास्त आल्या होत्या, म्हणून ठरलेल्या वेळेपेक्षा थोडा उशीर झाला. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खोलीचं दार उघडं होतं, आत झाडलेलं दिसत होतं.

"आजची गाडी गेली," ते म्हणाले. "उद्या या."

"काका, मी इथं उभाच आहे की."

"तुमी उभे हाव. पण गाडी गेली."

दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलो, तर भाड्यावरून घासाघीस झाली नाही, चहा मिळाला आणि मी हिशेबनीस आहे हे कळल्यावर त्यांनी मला मुनीम म्हणायला सुरुवात केली. ते शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

घराच्या दारांवर त्यांनी पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते. एक म्हणजे ते स्वतः, दोन म्हणजे आम्ही, तीन म्हणजे मागची खोली. त्यांना ते फलाट म्हणत. बोअरच्या मोटारीचं बटण त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी ते अंगणात उभं राहून बसस्थानकावरच्या आवाजात सांगत, "फलाट दोन. पाणी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी लक्ष द्यावं." एरवी ते आपल्या सगळ्यांसारखंच बोलत, पण घोषणा पुस्तकी मराठीत असे. नेमून दिलेला वेळ संपला की मोटार बंद. एकदा माझी बायको डोक्याला शिकेकाई लावून बसली असताना पाणी गेलं. तिने दारातून विनंती केली. ते म्हणाले, "ताई, गाडी माणसासाठी थांबली की ती गाडी राहत न्हाई, बैलगाडी होती." त्या दिवसापासून आमच्या घरात एक बादली कायम भरलेली असते. सवय चांगली आहे, आम्ही मोडली नाही.

गल्लीतल्या गणपतीची आरतीही त्यांच्याकडे होती. आरती वेळेवर सुरू व्हायची. पहिल्या दिवशी ती त्यांनी आणि मी अशी दोघांनी केली. मूर्ती यायची होती.

विशेष म्हणजे इतकी वर्षं गाड्या सोडणारा हा माणूस स्वतः कुठे गेलेला नव्हता. सासुरवाडी, बीडचं कार्यालय आणि कपिलधारचं देवस्थान, एवढाच त्यांचा प्रवास. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी गेलो असतो तर गाडी कुणी सोडली असती?"

त्यांच्या मुलीच्या लग्नात जे झालं ते आम्ही राहायला येण्याच्या आधीचं. पण मी ते इतक्या लोकांकडून ऐकलं आहे, आणि सगळ्यांचं सांगणं इतकं जुळतं, की मी ते पाहिलं असं म्हटलं तरी चालेल.

मुलगी नांदूरघाटला दिली. लग्न केजच्या मंगल कार्यालयात झालं. वऱ्हाडाची बस परत निघायची वेळ कंट्रोलरांनी आधीच सांगून ठेवली होती. वेळ झाली. नवरा-नवरी बसली, करवल्या बसल्या, रुखवत टपावर बांधलं गेलं. मुलगी खिडकीतून रडत होती. कंट्रोलरांच्या बायको, म्हणजे काकू, तिचा हात धरून उभ्या होत्या. कंट्रोलरांनी घड्याळ पाहिलं, काकूंचा हात सोडवला, खिशातली शिट्टी काढली आणि वाजवली. ड्रायव्हरही जुन्या डेपोतलाच. शिट्टी ऐकल्यावर त्याने गाडी काढली.

नवरदेवाचे वडील तेव्हा कार्यालयाच्या मागे हात धुवायला गेले होते.

ते फेट्याचा शेमला खांद्यावर टाकून, ओले हात झटकत पुढे आले तर रस्ता मोकळा.

"गाडी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"गेली," कंट्रोलर म्हणाले. आणि मग, माहिती द्यायची सवय म्हणून, "नांदूरघाटची मुक्कामी गाडी हाय. फलाट तीन. जागा मिळंल का न्हाई सांगता येत न्हाई."

जागा मिळाली नाही. फेटा बांधलेला नवरदेवाचा बाप एसटीत दांड्याला धरून उभ्याने गावात उतरला. कुणीतरी मोटारसायकलवर सोडायला तयार होतं, पण ते हट्टाने एसटीनेच गेले, म्हणजे गोष्ट सगळ्यांना कळावी. ती कळली.

त्यानंतर व्याह्यांनी केजच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. भांडणही केलं नाही. त्यांनी एवढंच केलं की सुनेला माहेरी पाठवायचं ते सकाळच्या गाडीने, आणि परत बोलवायचं ते त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने. मुक्काम नाही. निरोप असा होता : "तुमाला येळंचं लई हाय नव्हं? मग येळंवर पाठवा." पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. तेही त्यांनी नांदूरघाटलाच केलं. काकूंनी बाळासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली होती. तिला कडेने लाल पट्टी होती. नातू अडीच वर्षांचा झाला तरी ती वाकळ मागच्या खोलीत पेटीवर घडी घालून होती, कारण त्या घरात तो एकदाही झोपला नव्हता. काकू ती उन्हाळ्यात उन्हात टाकत आणि परत घडी करून ठेवत.

कंट्रोलरांना याबद्दल कुणी काही म्हटलं की ते शांतपणे विचारत, "गाडी येळंवर सुटली. माझं काय चुकलं ते दाखवा." ते कुणाला दाखवता यायचं नाही. गाडी खरोखरच वेळेवर सुटली होती.

काकू कमी बोलायच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "आवं, त्या घाटाखालच्या बागंत मोठा पाळणा हाय म्हणं. आकाशाएवढा. मला बसायचंय एकदा." ती बाग म्हणजे पुण्याच्या पलीकडे, घाट उतरल्यावर जे मोठं खेळण्यांचं पार्क आहे ते. मुलीने मोबाईलवर दाखवलं होतं. आणि वर म्हणाल्या, "पर निवांत जायचं. घाई न्हाई. शिट्टी न्हाई."

कंट्रोलर मला येऊन म्हणाले, "मुनीम, निवांत सहल काढायचीय. तुमी पण चला, गाडीत जागा हाय. निवांत सहलीला नियोजन लई लागतं."

नियोजन त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केलं. त्यात चहा, नाश्ता, पाळणा यांना वेळा होत्या आणि मध्ये तीन ठिकाणी 'निवांत बसणे' असं लिहिलं होतं. मी विचारलं, यालाही वेळ कशाला. ते म्हणाले, "निवांतपणा येळंवर सुरू झाला न्हाई तर येळंवर संपत न्हाई."

रांगेत उभं राहण्याचा सराव अंगणात झाला. फलाट एकपासून बोअरपर्यंत आम्ही सहा माणसं एकामागे एक उभे राहिलो : ते, काकू, मी, बायको, माझी दोन मुलं. त्यांचं म्हणणं, आपल्या लोकांना रांगेत उभं राहायचं माहीत असतं पण पुढं सरकायचं माहीत नसतं. आम्ही पुढे सरकलो. शेजारच्या बाईने भिंतीवरून विचारलं, "काय वाटायलेत का?"

खरी अडचण रस्त्याची होती. आमच्याकडे पाहुण्याच्या गावावरून जायचं आणि चहाला न थांबता जायचं, हा अपमान असतो. थांबलं तर चहावर भागत नाही. पोहे होतात, मग जेवूनच जा म्हणतात, मग गाडीत बघतात, जागा दिसली की त्यांच्यातलं कुणीतरी चप्पल घालून येतं. केजहून नांदूरघाट, चौसाळा, जामखेड, नगर हा सरळ रस्ता. पण त्या रस्त्यावर पहिलेच नांदूरघाटचे व्याही. त्यांच्या दारावरून सहलीला जायचं आणि थांबायचं नाही, तर उरलंसुरलं संपलं. आणि थांबायचं तर कोणत्या तोंडाने? त्यापुढे काकूंचे दोन भाऊ, एक मावसभाऊ, आणि जामखेडला डेपोतला एक मित्र जो पाहुण्याला कोंबडं कापल्याशिवाय सोडत नाही.

म्हणून कंट्रोलरांनी असा रस्ता शोधला ज्यावर नातेवाईक नाहीत. कळंब, बार्शी, टेंभुर्णी, मग सोलापूरचा हमरस्ता धरून पुणे. मी अंतराची बेरीज करून दाखवली. बरंच जास्त होत होतं. ते म्हणाले, "अंतर जास्त हाय, पण पावणे कमी हाईत." फक्त कळंबला त्यांचा साडू होता. तो दुपारी झोपतो, म्हणून कळंब दुपारी घ्यायचं ठरलं.

आणि कुणाला सांगायचं नाही. नांदूरघाटला मात्र फोन करणं भाग होतं, कारण आपण घरी नसताना मुलगी आली तर. कंट्रोलरांनी माझ्यासमोर फोन केला.

"कपिलधारला जातोत," ते म्हणाले. देवाला जाण्यात कुणाचा अपमान होत नाही.

"जावा जावा," पलीकडून व्याह्यांचा आवाज आला. "आमी घरीच हाव. फवारणी हाय."

एवढंच. चार वर्षांत त्या दोघांचं फोनवर याहून लांब बोलणं झालं नसावं.

निघायच्या दिवशी क्रूझर दारात आली. ड्रायव्हर तरुण होता. तो म्हणाला, "काका, जामखेडवरनं जवळ पडतं की. कावून एवढा फेरा?"

"तू गाडी चालीव बे," कंट्रोलर म्हणाले. ते पुढे बसले. काकू मागे बसल्या. त्यांच्या पायाशी धपाट्यांचा डबा होता, पितळी, झाकणाला फडकं बांधलेला. बायकोने मला हळूच विचारलं, "एवढे धपाटे कुणाला?" मीही तेच बघत होतो. सहा माणसांच्या मानाने ते दुपटीहून जास्त होते. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "असू द्या. परमुलूख हाय."

कळंब आलं तेव्हा कंट्रोलरांनी सगळ्यांना माना खाली घालायला सांगितल्या. आम्ही घातल्या. ड्रायव्हरनेही घातली, तेव्हा त्याला सांगावं लागलं की त्याने घालायची नाही. साडूचं दार बंद होतं. कंट्रोलर म्हणाले, "झोपलाय," आणि बार्शी येईपर्यंत खुशीत होते.

रात्री पुण्याच्या पुढे एका लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी, दार उघडायच्या आधी, आम्ही त्या पार्कच्या फाटकावर होतो. आमच्या मागे रांग लागली. कंट्रोलरांनी मागे वळून ती एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि समाधानाने मान हलवली. बाहेरचं खायला आत नेता येत नव्हतं, म्हणून धपाटे गाडीत राहिले.

आत गेल्यावर पहिलं 'निवांत बसणे' झालं. आम्ही एका बाकावर बसलो. कंट्रोलर घड्याळाकडे बघत निवांत होते. मग उठून आम्ही पाळण्याकडे गेलो. पाळणा खरंच मोठा होता. वरची खोकी बघायला मान मोडावी लागत होती. रांग नागमोडी होती, लोखंडी कठड्यांची. एका वळणावर पलीकडची रांग आपल्या अगदी समोर यायची.

त्या वळणावर कठड्यापलीकडे नांदूरघाटचे व्याही उभे होते.

त्यांच्या डोक्यावर पार्कमध्ये विकत मिळणारी गुलाबी टोपी होती. शेजारी विहीणबाई, मागे कंट्रोलरांची मुलगी, तिच्या कडेवर नातू. रांग सरकली, पण आमच्यातलं कुणी सरकलं नाही. एवढा सराव केला होता.

"फवारणी झाली का?" कंट्रोलरांनी विचारलं.

"जावई हाय तुमचा फवारणीला," व्याही म्हणाले. मग टोपी काढून हातात घेतली. "कपिलधार झालं का?"

"झालं."

"गर्दी असंल."

"न्हाई. निवांत होतं."

पुरुषांचं हे चालू असताना मी काकूंकडे पाहिलं. त्यांना काहीच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. विहीणबाईंनाही नाही. मुलीने कठड्यावरून नातवाला सरळ काकूंच्या हातात दिलं, जशी बाजारातली पिशवी देतात, आणि विचारलं, "आई, धपाटे?"

"गाडीत हाईत. आंबाडीची चटणी बी हाय."

विहीणबाई म्हणाल्या, "मी शेंगदाण्याची आणलीय."

मग हिशेब जुळला. या दोघींनी मुलीच्या मोबाईलवरून सगळं ठरवलं होतं. व्याह्यांच्या घरी विहीणबाईंनी त्याच आठवड्यात, बहुतेक त्याच शब्दांत, पाळण्यात बसायची इच्छा सांगितली होती. सांगून एकत्र निघायचं म्हटलं असतं तर पुढे कोण बसणार, गाडी कुणाची, आधी कुणी बोलवायचं यातच मोडलं असतं. शिवाय त्यांना माहीत होतं की आपापले नवरे दुसऱ्याला चुकवायची काळजी इतकी घेतील की दोघेही वेळेवर पोचतील.

कंट्रोलरांनाही ते कळलं असावं. ते काकूंकडे बघून एवढंच म्हणाले, "नियोजन चांगलं हाय."

नातवाने तेवढ्यात हातातली कुल्फी व्याह्यांच्या हातावर आणि बाहीवर सांडली. पाण्याचा नळ लांब होता, तिकीटघराच्या बाजूला. "आलोच," म्हणून ते गेले. आमची पाळी तोवर जवळ आली. दोन्ही रांगा पुढे एक होत होत्या. माझी बायको आणि मुलं आधीच्या खोक्यात बसून गेली. पुढच्या खोक्यात काकू चढल्या, विहीणबाई चढल्या, मुलगी नातवाला घेऊन चढली. शेवटी कंट्रोलर. एक जागा राहिली. मला उंचीची भीती वाटते, मी बसणार नव्हतोच.

पाळण्यावरच्या मुलाने दाराला हात घातला. "काका, पाय आत घ्या. सुरू करायचंय."

कंट्रोलरांनी पाय आत घेतला नाही. तो दारातच होता, चपलेसकट.

"थांब," ते म्हणाले.

"काका, मागं लाईन बघा केवढी आहे."

"बघितली. एक माणूस यायचाय."

"ते पुढच्या चक्करला बसतील."

"न्हाई," कंट्रोलर म्हणाले. "हात धुवायला गेलेत. येतेत."

मागून एकजण ओरडला, "ओ आजोबा, पाळणा विकत घेतलाय का?" दुसरा म्हणाला, "खेड्यातून येतात आणि..." पुढचं मला ऐकू आलं नाही. असं बोलणारे प्रवासी ज्याने आयुष्यभर पाहिले होते, आणि त्यांचीच बाजू आयुष्यभर घेतली होती, तो माणूस खाली मान घालून बसला होता. पण पाय त्याने हलवला नाही. काकू त्या पायाकडे बघत होत्या. मुलगी दुसरीकडे बघत होती.

व्याही आले. ते नळाकडून येताना दिसले तेव्हाच त्यांनी सगळं पाहिलं असणार : उघडं दार, अडलेली रांग, दारातला पाय. तरी ते घाईने आले नाहीत. माझ्या मते गरजेपेक्षा थोडं सावकाशच आले. ओले हात झटकत दारापाशी थांबले आणि आत बघून विचारलं, "गाडी हाय का अजून?"

"हाय," कंट्रोलर म्हणाले. "बसा."

मोकळी जागा त्यांच्याच शेजारी होती. व्याही बसले. कंट्रोलरांनी पाय आत घेतला. दार लागलं आणि पाळणा वर गेला. वर त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. खाली उतरल्यावर दोघांचेही चेहरे होते तसेच होते. काकू मात्र उतरल्या नाहीत. त्या आणि विहीणबाई, दोघी जणी नातवाला मध्ये घेऊन पुन्हा एकदा फिरून आल्या. पाळण्यावरच्या मुलाने त्यांना अडवलं नाही. तो दमला होता.

कॅलेंडरमागचं पुढचं नियोजन मग बारगळलं. दुपारी गाड्यांच्या तळावर, क्रूझरच्या सावलीत वाकळीएवढं एक प्लास्टिक अंथरून आम्ही धपाटे खाल्ले. ते बरोबर पुरले. व्याही म्हणाले, "धपाटे लई ग्वाड झालेत, इहीणबाई." चार वर्षांत त्यांनी काकूंशी बोललेलं हे पहिलं वाक्य, असं मुलीने नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

परत येताना जामखेडवरून आलो. दोन गाड्या पुढेमागे. नांदूरघाटला व्याह्यांच्या दारात उतरलो आणि चहा झाला, पोहे झाले. निघताना व्याही सुनेला म्हणाले, "जा. राहून ये आठ दिस." आणि कंट्रोलरांकडे न बघता, "सणवार बघून पाठवा. घाई न्हाई."

मुलगी बॅग भरायला आत गेली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"कावून बोंबलतो बे," कंट्रोलर म्हणाले. ते पुढची जागा नातवाला देऊन मागे काकूंशेजारी बसले होते. "माणसं बसली की सुटंल."

यानंतर कंट्रोलर बदलले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आम्ही पुढे बीडला स्वतःचं घर बांधून गेलो तोवर मोटारीचं बटण त्यांच्याकडेच होतं, आणि गणपतीची आरती मूर्तीसाठी थांबत नव्हती. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही घोषणा रोजच्याच वेळेला झाली. फक्त ती अंगणातून ऐकू आली नाही. दारावर नखाने टकटक झाली म्हणून मी उघडलं. कंट्रोलर अनवाणी उभे होते. मागच्या खोलीचं दार पुढं केलेलं होतं, आणि फटीतून लाल पट्टीची वाकळ आणि तिच्याबाहेर आलेलं एक छोटं पाऊल दिसत होतं.

कंट्रोलर माझ्या कानाशी वाकले.

"फलाट दोन," ते कुजबुजले. "पाणी सुटण्याच्या तयारीत आहे."